‘परतले’ की परत आणले? बॉस्टनच्या रस्त्यावरील रानटर्कीचा इतिहास

१/
अमेरिकेतील बॉस्टन शहराला खेटून ब्रुकलाइन नावाचे गाव आहे. तेथील रस्त्यांवर आज रानटर्कींचे थवे मोटारी अडवून उभे राहतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या परिसरात, केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत, आर्नोल्ड वृक्षोद्यानाच्या हिरवळीवर हे पक्षी निर्धास्त चरताना दिसतात. नर आठ-नऊ किलो वजनाचा, पिसारा फुलवला की वाट अडेल एवढा. दर नोव्हेंबरात त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागतात आणि त्यांखाली एक ठरलेले वाक्य असते : निसर्ग परतला.

२/
पक्षी खरे आहेत, छायाचित्रेही खरी आहेत. खोटे आहे ते क्रियापद. ‘परतणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. परतणारा स्वतःच्या पायांनी येतो. त्याला कोणी घालवले होते, कोणी आणले, त्यासाठी कोणाच्या खिशातून पैसा गेला, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या वाक्यात जागा नसते. ‘परत आणणे’ म्हटले की कर्ता सांगावा लागतो. टर्कीच्या बाबतीत तो कर्ता गेली साडेतीनशे वर्षे सोयीस्करपणे गाळला जात आहे. हा धागा त्या गाळलेल्या कर्त्याविषयी आहे.

३/
प्रथम, होते काय? विल्यम वुड (१६३४) आणि टॉमस मॉर्टन (१६३७) या दोन इंग्रजांनी न्यू इंग्लंडची वर्णने छापली. दोघांच्याही पुस्तकांत टर्कींचे मोठमोठे थवे आहेत. मॉर्टन आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो : मूळ रहिवासी ठरावीक काळाने रानातील झाडोरा जाळत असत. त्यामुळे मोठी झाडे उभी राहत, खाली मोकळी जागा होई, कोवळे गवत फुटे, किडे वाढत. टर्कीच्या पिल्लांना नेमके हेच लागते. म्हणजे ज्या ‘आदिम अरण्या’च्या आठवणीने आज उमाळे येतात, ते अरण्यही माणसांनी राखलेले होते.

४/
त्या माणसांनी टर्की मारलेच नाहीत असे नव्हे. भरपूर मारले. रॉजर विल्यम्सने १६४३ साली नॅरगॅन्सेट लोकांच्या भाषेवर ग्रंथ लिहिला. टर्कीच्या पिसांपासून विणलेल्या पांघरुणांची त्यात नोंद आहे. मांस खाल्ले जाई, पिसे अंगावर चढत, हाडांची हत्यारे होत. शतकानुशतके हे चालू होते आणि तरीही इंग्रजांना थवेच्या थवे दिसले.

५/
आता जॉन जॉसलिन. हा गृहस्थ १६३८ मध्ये एकदा आणि १६६३ मध्ये दुसऱ्यांदा न्यू इंग्लंडात आला. १६७२ मध्ये छापलेल्या पुस्तकात तो सांगतो की तीस वर्षांपूर्वी दलदलीच्या काठी पिल्लांची कितीतरी लेंढारे उन्हात बसलेली त्याने पाहिली होती. आता मात्र रानात टर्की भेटणे दुर्मीळ झाले आहे. आगगाडी नाही, कारखाना नाही, काडतुसाची बंदूक नाही. केवळ तीस वर्षे! पुढे जॉसलिन या नाशाची जबाबदारी इंग्रज आणि ‘इंडियन’ अशा दोघांवर समान वाटून टाकतो. ही वाटणी तपासून पाहावी अशी आहे. एक पक्ष शतकानुशतके तेथेच होता. दुसरा येऊन उणीपुरी पन्नास वर्षे झाली होती.

६/
या पन्नास वर्षांत बदलले काय? बंदूक आली हे उघड आहे. कमी उघड गोष्ट म्हणजे डुकरे. वसाहतकार आपली डुकरे रानात मोकाट सोडत आणि ती ओकची फळे फस्त करत. हिवाळ्यात टर्कीचा भरवसा याच फळांवर असतो. त्यात रानातील शिकार विकाऊ माल झाली. पर्यावरणाचा इतिहास लिहिणारे विल्यम क्रोनन यांनी १९८३ च्या ‘चेंजेस इन द लँड’ या ग्रंथात ही सारी साखळी उलगडून दाखवली आहे. इतिहासाची आवड असलेल्याने तो मुळातून वाचावा, इतका तो वाचनीय आहे.

७/
पुढची दीडशे वर्षे कुऱ्हाडीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण न्यू इंग्लंडचा बहुतांश भाग शेते आणि कुरणे बनला होता. शेतातून वेचलेल्या दगडांचे गडगे डोंगरमाथ्यापर्यंत गेले. टर्की दिवसभर जमिनीवर चरतो, पण रात्री उंच झाडावर झोपतो. झाडच नाही तर पक्षी झोपणार कोठे? मॅसॅच्युसेट्समधील शेवटचा ज्ञात मूळ रानटर्की १८५१ मध्ये माउंट टॉम या डोंगरावर मारला गेला. पाच वर्षांनी, मार्च १८५६ मध्ये, हेन्री डेव्हिड थोरो याने आपल्या रोजनिशीत मुलखातून नाहीशा झालेल्या प्राण्यांची यादी केली. तीत टर्की आहे.

८/
आणि १८६३ मध्ये अब्राहम लिंकन यांनी थँक्सगिव्हिंग हा राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. ज्या मॅसॅच्युसेट्सच्या भूमीवर या सणाची मूळकथा रचली गेली, तेथे त्या वेळी एकही रानटर्की उरला नव्हता. ताटात होता तो पाळीव टर्की, आणि त्याची कुळी मेक्सिकोची. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी तो युरोपात नेला, इंग्लंडात तो वाढला, आणि इंग्रजांबरोबर अटलांटिक ओलांडून पुन्हा अमेरिकेत आला.

९/
याच पाळीव कुळीचा एक फाटा हिंदुस्थानातही उतरला, आणि तो गोव्याच्या वाटेने. १६१२ मध्ये मुकर्रब खान पोर्तुगीजांच्या गोव्याहून दुर्मीळ वस्तू घेऊन जहांगीर बादशहाकडे परतला. त्यांत टर्की होता. त्याच्या डोक्यावरचे व मानेवरचे रंग बदलताना पाहून बादशहा चकित झाला, त्याने आत्मचरित्रात त्याचे बारकाईने वर्णन केले आणि दरबारी चित्रकाराकडून चित्र काढवून घेतले. उस्ताद मन्सूरचे म्हणून ओळखले जाणारे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्याला मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतकारांनी पुढे तीस-चाळीस वर्षांत रानातून जवळजवळ संपवले, त्याचाच हा पाळीव भाईबंद आग्र्यात नवलाईचा विषय होता.

१०/
एक दंतकथा जाता जाता निकालात काढावी. बेंजामिन फ्रँकलिनने टर्कीला राष्ट्रीय पक्षी करण्याचा प्रस्ताव मांडला होता, असे ठोकून दिले जाते. असा प्रस्ताव त्याने कधीच मांडला नाही. २६ जानेवारी १७८४ रोजी मुलीला लिहिलेल्या खाजगी पत्रात त्याने एका लष्करी संघटनेच्या पदकावरील गरुडाची टिंगल केली आणि त्यापेक्षा टर्की बरा, असे म्हटले. थट्टा होती ती. राष्ट्रचिन्ह त्यापूर्वीच, १७८२ मध्ये, ठरून गेले होते.

११/
आता ‘निसर्ग परतला’ म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद. तो असा : शेती सुटली, जंगल वाढले, जंगलापाठोपाठ पक्षी आले. यातील पहिले दोन टप्पे खरे आहेत. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला, मग लोहमार्ग आले, आणि पश्चिमेकडील काळ्याभोर सपाट जमिनीतले धान्य स्वस्तात पूर्वेला येऊ लागले. न्यू इंग्लंडचा खडकाळ शेतकरी त्यापुढे टिकेना. शेते ओस पडली, त्यांत पाइन उगवला, पाइन तोडल्यावर खालून ओक आणि मेपल वर आले. आज मॅसॅच्युसेट्सच्या निम्म्याहून अधिक भूमीवर झाडे आहेत, आणि जुने दगडी गडगे दाट रानातून कोठेही न जाता धावतात.

१२/
या ‘बऱ्या झालेल्या’ निसर्गाची किंमत इलिनॉय आणि आयोवाच्या गवताळ प्रदेशांनी मोजली. ते जवळजवळ समूळ नांगरले गेले, म्हणून न्यू इंग्लंडच्या टेकड्यांना विश्रांती मिळाली. एका भागाचे ‘पुनरुज्जीवन’ मोजताना दुसऱ्या भागाचा हिशेब सोडून देणे, ही लबाडी जगात सर्वत्र चालते.

१३/
पण तिसरा टप्पा? जंगल आले. टर्की आले नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी रान पुन्हा उभे होते आणि त्यात एकही टर्की नव्हता, कारण यायला जवळपास कोणी शिल्लकच नव्हते. भरीस भर म्हणून अमेरिकन चेस्टनट या वृक्षावर बुरशीजन्य रोग पडला. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात तो प्रथम आढळला आणि काही दशकांत कोट्यवधी झाडे मेली. टर्कीच्या आहाराचा मोठा आधार गेला.

१४/
१९११ ते १९६७ या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये टर्की पुन्हा वसवण्याचे किमान ९ प्रयत्न झाले. सगळे फसले. छप्पन वर्षांचे हे अपयश ‘निसर्ग परतला’च्या गोष्टीत कधीच येत नाही, कारण ते आले तर गोष्टच मोडते. अपयशाचे मुख्य कारण साधे होते. सोडलेले पक्षी बहुतांशी पिंजऱ्यात वाढवलेले होते. रानातले पिल्लू आईमागे चालत शिकते : बहिरी ससाण्याची सावली पडली की निपचित पडावे, कोल्ह्याची चाहूल लागली की पांगावे, हिमवर्षावात कोणत्या उतारावर दाणा मिळतो. पिंजऱ्यातल्या पिल्लाला शिकवणारी आईच नसते. त्याला दिसतो तो दाणे टाकणारा माणूस. असा पक्षी रानात सोडणे म्हणजे शिकारी प्राण्यांना घरपोच शिधा पोचवणे. ज्ञानही वारशाने चालते आणि तो धागा एकदा तुटला की अंडी उबवण्याच्या यंत्राने तो जोडता येत नाही.

१५/
मग उपाय एकच : जेथे अस्सल रानटी पक्षी उरले आहेत तेथून ते जिवंत धरून आणणे. तो अवघड होता, कारण टर्कीची नजर विलक्षण तीक्ष्ण असते. तोड निघाली ती बदके धरण्यासाठी तयार केलेल्या तोफजाळ्यातून. मोकळ्या जागी धान्य पसरायचे, बाजूला जाळे घडी करून लपवायचे, त्याच्या कडेला छोट्या तोफा जोडायच्या. थवा चरायला आला की दारू पेटते, वजनी गोळे सुटतात आणि जाळे क्षणार्धात थव्यावर पसरते. दक्षिण कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात १९५१ मध्ये हा प्रयोग टर्कींवर यशस्वी झाला. धरलेले पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून मोटारीने नेत. बंदुकीच्या दारूने संपवलेला पक्षी तोफेच्या दारूने वाचला.

१६/
पैसा कोठून आला? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून. बंदुका आणि काडतुसे यांवरील केंद्रीय अबकारी कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटून द्यायचा, अशी ती तजवीज. आज लांब नळीच्या बंदुकांवर व काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. हे सत्य दोन्ही गोटांना अडचणीचे वाटते. शस्त्रविरोधी निसर्गप्रेमी ते सांगत नाहीत. शिकाऱ्यांच्या संघटना सांगतात, पण ‘टर्की आम्ही वाचवला’ असे छाती फुगवून सांगतात. मुळात संपवला कोणी, हे त्याच दमात सांगत नाहीत. शिवाय बंदूक विकत घेणारा प्रत्येक जण शिकारी नसतो. या करातील मोठा वाटा ज्यांनी कधी रानात पाऊलही टाकले नाही अशांचा आहे.

१७/
आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा आकडा : ३७. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात धरलेले ३७ रानटर्की मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेस, बर्कशायर टेकड्यांतील बेअरटाउन वनात सोडले गेले. १९७८ च्या हेमंतापर्यंत त्यांचे सुमारे १,००० झाले. मग तेथलेच पक्षी धरून १९७९ ते १९९६ या काळात राज्यभर ५६१ पक्षी नव्या जागी सोडण्यात आले. आज राज्यातील टर्कींची संख्या सुमारे ३० हजार किंवा त्याहून थोडी अधिक मानली जाते. ब्रुकलाइनच्या चौकात मोटारीवर चोच मारणारा जो पक्षी दिसतो, त्याची वंशावळ अशी सरकारी दप्तरात आहे. वतनदार घराण्यांनाही एवढा चोख पुरावा देता येत नाही.

१८/
शहरात मात्र त्यांना कोणी आणले नाही, असा आक्षेप येईल. बरोबर. पण शहर तरी कोणी घडवले? माउंट ऑबर्न ही १८३१ ची दफनभूमी, उद्यानासारखी आखलेली. बॉस्टनची हरित उद्यानमाला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने आखली. त्याचे घर आणि कचेरी ब्रुकलाइनमध्येच होती. त्या मालेतील बॅक बे फेन्स हा भाग मुळात सांडपाण्याने नासलेली भरतीची दलदल होती. पाण्याचे नियंत्रण, भराव आणि लागवड करून तेथे ‘नैसर्गिक’ देखावा उभारण्यात आला. जुने ओक, मधूनमधून हिरवळ, अंगणातले पक्ष्यांसाठीचे दाणे, घरांपासून ५०० फुटांच्या आत शिकारीला मनाई : टर्कीला याहून चांगले रान शोधून मिळाले नसते.

१९/
‘आक्रमक टर्की’च्या तक्रारींचे मूळही यातच आहे. थव्यात कोण वरचढ आणि कोण दबलेला याची उतरंड असते. माणसाने दाणे घातले, मागे सरून वाट दिली, की पक्षी त्यालाही त्या उतरंडीत खालच्या पायरीवर बसवतो. मोटारीच्या चकचकीत पत्र्यात स्वतःचेच प्रतिबिंब दिसले की प्रतिस्पर्धी समजून चोच मारतो. म्हणून वन्यजीव खाते दाणे घालू नका आणि पक्ष्याला घाबरून मागे हटू नका, असे सांगते. त्यातून ‘शहरावर आक्रमण’ अशी बातमी होते. काही वर्षे आधी तेच वृत्तपत्र ‘निसर्ग परतला’ म्हणून छापत असते.

२०/
शिवाय प्रत्येक शहरातील टर्कीला ‘परतलेला’ म्हणणे ही शुद्ध अडाणीपणाची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातील उपनगरांत आज टर्की उदंड आहेत. तेथे पूर्वी टर्की होता खरा. त्याची हाडे लॉस एंजेलिसच्या ला ब्रिया डांबरकुंडांत सापडतात. पण ती जातच वेगळी, आणि हिमयुगाच्या अखेरीच्या सुमारास नामशेष झालेली. आजचे पक्षी विसाव्या शतकात शिकारीसाठी बाहेरून, मुख्यतः टेक्सासमधून, आणून सोडलेल्यांचे वंशज. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील थव्याची कुळी तर कोणीतरी सोडून दिलेल्या पाळलेल्या पक्ष्यांकडे जाते, असे तेथील लोक सांगतात. त्यांतले काही २०१३ मध्ये सरकारी यंत्रणेने पकडून मारले तेव्हा मोठा गदारोळ झाला. तीन ठिकाणे, तीन वेगळे इतिहास, आणि मथळा मात्र एकच.

२१/
आता ज्या कारणासाठी हा शब्द सोडून द्यायला हवा, ते. न्यू इंग्लंडच्या एकोणिसाव्या शतकातील गावोगावच्या इतिहासांत एक ठरलेला साचा आढळतो : येथला ‘शेवटचा इंडियन’ अमुक साली वारला. इतिहासकार जीन ओब्रायन यांनी २०१० च्या ‘फर्स्टिंग अँड लास्टिंग’ या ग्रंथात असे शेकडो स्थानिक इतिहास तपासले आणि दाखवून दिले की जिवंत, शेजारी राहणाऱ्या माणसांना या पुस्तकांनी ‘लुप्त’ ठरवले. शेवटचा लांडगा, शेवटचा टर्की, शेवटचा इंडियन. वाक्यरचना एकच. कोणी मारले, कोणी हाकलले याचा उच्चार नाही. जणू सारे आपणहून विरून गेले.

२२/
फरक एवढाच की टर्की खरोखरच संपले होते. माणसे संपलेली नव्हती. १६७५-७६ च्या ‘किंग फिलिपच्या युद्धा’त वॅम्पानोआग, निपमक, नॅरगॅन्सेट लोकांची कत्तल झाली, अनेकांना गुलाम करून वेस्ट इंडिजला विकले. जे निपमक व इतर लोक ख्रिस्ती होऊन इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, त्यांनाही ऑक्टोबर १६७५ मध्ये बॉस्टनच्या बंदरातील डिअर आयलंडवर कोंडले. त्या हिवाळ्यात थंडीने आणि उपासमारीने त्यांतले पुष्कळ जण मेले. त्याच वर्षी वसाहतीने कायदा केला : इंडियनाने बॉस्टन शहरात पाऊल ठेवायचे नाही.

२३/
तो कायदा रद्द केव्हा झाला? २००५ मध्ये. अंमलबजावणी कधीच थांबली होती, हे मान्य. पण तीनशे तीस वर्षे तो दप्तरातून पुसण्याची निकड कोणाला वाटली नाही. त्याच दशकात रानटर्की बॉस्टनच्या उपनगरांत शिरत होते. १९९१ पासून तर तो मॅसॅच्युसेट्सचा अधिकृत शिकारपक्षी होता. मॅशपी वॅम्पानोआग लोकांना केंद्र सरकारची मान्यता २००७ मध्ये मिळाली, आणि त्यानंतरही त्यांच्या जमिनीचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. पक्ष्याला ‘येथला मूळ रहिवासी’ म्हणून हार घालायला कोणाचीच हरकत नसते. पक्षी जमीन मागत नाही.

२४/
यावर एक उत्तर नेहमी येते : कसे का आले असेनात, आले हे महत्त्वाचे, कुरकुर कशाला? कुरकुर अशासाठी की जो ‘आपोआप आला’ असे मानतो, तो ‘आपोआप टिकेल’ असेही मानतो. दक्षिणेकडील ज्या राज्यांत तोफजाळे प्रथम यशस्वी झाले, तेथेच गेल्या वीसएक वर्षांत टर्कींची संख्या घटत आहे. माद्यांमागे वाचणारी पिल्ले कमी झाली आहेत. बदलता अधिवास, अंडी खाणारे प्राणी, रोग, शिकारीच्या हंगामाची वेळ अशी अनेक कारणे अभ्यासली जात आहेत. दक्षिण कॅरोलायनासह अनेक राज्यांनी शिकारीचे नियम कडक केले आहेत.

२५/
आणि मॅसॅच्युसेट्सचे वन्यजीव खाते दर वर्षी जून ते ऑगस्ट नागरिकांकडून टर्कींची नोंद मागवते : किती माद्या दिसल्या, किती नर, प्रत्येक मादीमागे पिल्ले किती. ओल्या, गारठलेल्या जूनमध्ये पिल्ले फार मरतात. म्हणून ही मोजदाद दर उन्हाळ्यात नव्याने करावी लागते.